फळ्यांची पत्रिका

अफिफाच्या निकाहची पत्रिका पौडात ज्या ज्या पुरुषाच्या हातात पडली, त्या प्रत्येकानं ती पाहिली, "छान केलीय हां" म्हटलं आणि पटकन खाली ठेवली. बायकांचं तसं नव्हतं. बायकांनी ती उलटीसुलटी केली, बोट फिरवलं, एकदोघींनी तर नखानं खरवडून पाहिलं की हे लाकूड आहे की कागद. हा फरक अफिफाच्या लक्षात यायला हवा होता, असं आता कुणीही म्हणेल. पण लग्न तोंडावर आलेल्या मुलीनं 'छान' या शब्दावर विश्वास ठेवला, तर त्यात तिचं काय चुकलं? ज्यांनी तो शब्द वापरला त्यांना विचारा.

कार्डं होतीच देखणी. अफिफा आणि तिची मैत्रीण सोनल कॉलेज संपल्यापासून हातानं कार्डं बनवायच्या. सूस, महाळुंगेच्या सोसायट्यांमधून वाढदिवसाच्या, बारशाच्या ऑर्डरी यायच्या, धरणाकडच्या रिसॉर्टवाल्यांच्याही अधूनमधून. पण स्वतःच्या लग्नाची पत्रिका म्हटल्यावर अफिफा हट्टालाच पेटली. लाकडाची करायची, म्हणाली. तिच्या अब्बांची, हाफीजभाईंची, पौडात लाकडाची वखार. तिथल्या भुशात ही मुलगी रांगली होती. आता घर सोडून जायचं तर वखारीचा एक तुकडा सगळ्यांच्या हातात देऊन जायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

तिनं रबराच्या तुकड्यावर लाकडाच्या रेषा कोरल्या. मधे एक गाठ, गाठीला वळसा घालून जाणारी नागमोडी रेघ, कडेला चिरफाळलेले बारीक धागे. असा ठसा तयार झाला की त्यावर तपकिरी शाई थोपटायची आणि जाड कागदावर तो दाबायचा. मग शाई न लावता तोच ठसा शेजारी पुन्हा दाबायचा. दुसरी छाप फिकट येते, आणि गडद-फिकट शेजारी आल्या की दोन वेगळ्या फळ्या वाटतात. कडांना स्पंजनं काळपट रंग टिपायचा, दोन फळ्यांच्या मधे बोथट सुईनं रेघ दाबायची. सगळ्या फळ्यांवर गाठ एकाच जागी दिसली तर ठशाचं बिंग फुटतं, म्हणून अफिफा दर खेपेला ठसा फिरवून धरायची. सोनल वैतागायची.

"अगं, कोण बघतंय एवढं?"

"मी बघतेय ना," अफिफा म्हणायची, आणि बिघडलेलं कार्ड बाजूला टाकून नवीन घ्यायची.

फळ्या तिनं रंधा मारलेल्या, गुळगुळीत दाखवल्या नाहीत. आखूड, ओबडधोबड, कडेची साल तशीच राहिलेल्या, एकीला एक चिकटवून मांडलेल्या. वर बांधायला रेशमी रिबीन नको म्हणून तिनं गवती चटईची बारीक पट्टी कापून गुंडाळली. हे काही तिनं मनानं रचलं नव्हतं. वखारीच्या मागच्या कोपऱ्यात अशाच फळ्यांची एक चळत कायम असायची आणि तिच्यावर गुंडाळून ठेवलेल्या चटया. कुणी कितीही मागितलं तरी अब्बा त्यातली फळी विकत नसत. "ते मशिदीचं लाकूड हाय," एवढंच सांगायचे, आणि विषय संपायचा. त्या चळतीवर बसून अफिफानं पाढे पाठ केले, चिंचा खाल्ल्या, दहावीचा अभ्यास केला. लाकूड म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तेच यायचं.

पत्रिका वाटून होत आल्या होत्या, तेव्हा भुकूमहून फोन आला. नवऱ्यामुलाच्या, शहाबाजच्या, मोठ्या चाचांचा. शहाबाजचे वडील गेल्यापासून त्या घरात चाचांचाच शब्द चालायचा. रस्त्यावर त्यांचं टाइल्सचं दुकान, नव्या इमारतींमुळे जोरात चाललेलं, आणि आवाजही त्या दुकानाला शोभेल असा. ते हाफीजभाईंशी बोलले आणि हाफीजभाई फोन कानाला लावून नुसते "व्हय, व्हय, बरोबर हाय तुमचं" एवढंच म्हणत राहिले. अफिफा समोरच उभी होती. बापाचा असा लाचार आवाज तिनं वखारीत कधी ऐकला नव्हता, आणि तिथंच तिचं डोकं तापायला लागलं.

"कार्डं परत घ्यायचीत," फोन ठेवून अब्बा म्हणाले. "सगळ्यांकडनं. जाळून टाकायची. पिरंगुटच्या प्रेसमधनं साधी छापून आणू. आन चाचा म्हणत्यात की लग्नानंतर हा कार्डांचा उद्योग बास झाला."

"का?"

"त्यांना न्हाई आवडली."

"आवडली न्हाई म्हणून जाळतात? आवडली न्हाई तर ठेवून द्यायची, जाळायची कशाला?"

"अफिफा, वाद घालू नको. लग्नाचं घर हाय." एवढं बोलून हाफीजभाई चपला सरकवून वखारीकडे निघून गेले. अवघड प्रश्न आला की या माणसाला नेहमी वखारीत काम निघायचं.

अफिफानं शहाबाजला फोन लावला. त्यानं आधी टाळाटाळ केली. जाऊ दे ना, चाचांचा स्वभाव तुला म्हाईत हाय, साधी कार्डं काय वाईट असतात. हिनं प्रत्येक वाक्याला एकच शब्द म्हटला, "का?" शेवटी तो हळूच म्हणाला, "अफिफा, तुला खरंच म्हाईत न्हाई?"

"काय म्हाईत न्हाई?"

"कबरीत तसल्याच फळ्या टाकतात. मय्यत खाली ठेवली की वर फळ्या लावतात, सालीसकट, एकीला एक चिकटून. त्यावर चटई. आन मग माती. तुझं कार्ड बघितलं की... तेच दिसतं. डिट्टो तेच."

मशिदीचं लाकूड म्हणजे काय, ते अफिफाला आत्ता कळलं. कळायला मार्गच कुठे होता? कबरस्तानात बायका जात नाहीत. मय्यत घरातून निघाली की बायका दारापर्यंत, आणि पुढचं सगळं पुरुषांचं. तिनं दादाजान जाताना पाहिले होते, नानी जाताना पाहिली होती, पण दाराच्या पुढे काय होतं ते तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. पौडातल्या कुठल्याच बाईला ते कार्ड बघून काही वाटलं नाही, ते याच्यामुळे. आणि प्रत्येक पुरुषानं ते पटकन खाली ठेवलं, तेही याच्यामुळेच.

"तुला कधी कळलं हे?" तिनं विचारलं.

"तू पहिलं कार्ड दिलंस तेव्हाच."

"आन तू काय म्हणालास मला?"

शहाबाजनं विषय बदलायचा प्रयत्न केला.

"'लई भारी' म्हणालास," अफिफा म्हणाली. "'लई भारी' म्हणालास आन फोटो काढून स्टेटसला ठेवलास! शहाबाज, मी तेव्हा एकच कार्ड केलं होतं. एक! तेव्हा तोंड उघडलं असतंस तर मी दुसरं डिझाईन केलं असतं."

"तू एवढी खूश होतीस गं. मला वाटलं, कुणाच्या लक्षात नाही येणार."

तिनं फोन कापला. शरमेनं तिचे कान गरम झाले होते, पण शरम फार वेळ टिकली नाही, तिच्या जागी राग आला. वखारीत ती पोचली तेव्हा हाफीजभाई फळ्या मोजत होते. मागच्या कोपऱ्यातली चळत तिथेच होती. अफिफा त्या चळतीसमोर जाऊन उभी राहिली.

"हे काय हाय अब्बा?"

हाफीजभाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते भुशावरच टेकले.

"कुणाकडं कधी वेळ यील सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "तवा तयार ठेवाव्या लागत्यात. त्याचे पैसे घ्यायचे नसतात. तुझे दादाजानबी असंच ठेवायचे."

"मला 'मशिदीचं लाकूड' म्हणालात."

"तू लहान होतीस. तिथंच बसायचीस, खेळायचीस. तुला काय सांगणार होतो, का ह्या मढ्याच्या फळ्या हायेत?"

"लहान होते तेव्हा न्हाई सांगितलंत, ठीक हाय. पण मी आता लहान हाय का? मी महिनाभर ठसे उमटवत होते तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्हाला रोज दाखवत होते. तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणालात, शाब्बास बेटा."

"तुझा जीव किती रमला होता त्यात..."

"जीव रमला होता!" अफिफा ओरडलीच. "सोनलला आवडलं नसतं तर ती म्हणाली असती, हे भिकार झालंय. सूसच्या बायका एक ठिपका चुकला तर कार्ड परत पाठवतात. ती माणसं माझं काम बघतात. तुम्ही सगळे फक्त माझं तोंड बघता. पोरगी खूश हाय ना, मग खेळू दे तिला! वखारीत गिऱ्हाईकाला वाळवीची फळी दिसली तर तुम्ही फळी बदलून देता. माझ्या वेळेला गप्प बसलात."

हाफीजभाई नुसते हातातला भुसा चोळत राहिले, आणि अफिफाला त्यांची दया आली नाही. येऊही नये. इतक्या पुरुषांना दिसलं, आणि एकानंही सांगायचं धाडस केलं नाही. शेवटी ज्यानं तोंड उघडलं त्यानंही सरळ सांगितलं नाही, जाळा म्हणून हुकूम सोडला.

"चला," ती म्हणाली. "भुकूमला जायचंय. पहिलं कार्ड मी तिथं दिलं होतं, पहिलं तिथलंच परत घेणार. आन ते जाळायचं असेल तर मी जाळीन, चाचांनी हात लावायचा न्हाई."

वखारीचा टेम्पो घेऊन बापलेक निघाले. पौड रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी, डंपरच्या मागे डंपर, आणि हाफीजभाई वाटेत एकदाच बोलले. "परवीनभाभींना कायबी बोलू नको," म्हणाले. "त्यांचं मन अजून नाजूक हाय." शहाबाजचा थोरला भाऊ मुदस्सर गेल्या वर्षी याच रस्त्यावर बाइकच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून परवीन, दोघांची आई, फारशी घराबाहेर पडत नव्हती. शहाबाजचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा तिनं नवीन साडी घेतली, असं सगळे सांगायचे.

भुकूमच्या घरी चाचा आधीच येऊन बसले होते. शहाबाजही होता, कोपऱ्यात, मोबाईलकडे बघत. परवीन दारात आली आणि अफिफाला पाहून खुलली.

"ये गं. हे सगळे काय म्हणत्यात बघ. कार्ड परत द्या म्हणे. का द्यायचं? लग्नातल्या सगळ्या वस्तूंत मला आवडलेली ती एकच हाय." तिनं कार्ड शोकेसमध्ये, काचेच्या कपांच्या पुढे, सगळ्यांना दिसेल असं उभं करून ठेवलं होतं.

"परवीन, मी सांगितलं ना, त्याचा रंग लग्नाला बरा दिसत न्हाई," चाचा म्हणाले. "आपल्यात हिरवा, लाल, सोनेरी असं काहीतरी पायजे. हे काय मातकट!"

"रंगाचं कारण न्हाई," अफिफा म्हणाली.

"अफिफा," हाफीजभाई म्हणाले.

"तू गप बस," चाचा म्हणाले. "मोठी माणसं बोलतायत."

शहाबाज उठून उभा राहिला, पण त्यानंही डोळ्यांनी तिला नकोच म्हटलं. अफिफानं तिघांकडे पाहिलं. तीन पुरुष, आणि तिघंही पुन्हा तेच करत होते. रंग बरा नाही. मन नाजूक आहे. तू खूश होतीस. या बाईलाही आयुष्यभर असंच सांगणार, आणि आता त्या सांगण्यात आपल्यालाही सामील करून घेणार. तिला माहीत होतं की आता आपण बोललो तर कदाचित हे लग्न इथंच मोडेल, आणि शहाबाज तिला आवडत होता, आजच्या दिवसापर्यंत तरी खूप आवडत होता. तरी ती बोलली.

"खाला, माझं चुकलंय, ते मला कुणी सांगितलं न्हाई, आन तुमालाबी कुणी सांगणार न्हाई. ह्या फळ्या कबरीतल्या हायेत. मय्यतीवर टाकतात त्या. ही वरची पट्टी, तशीच चटई टाकतात फळ्यांवर. मला म्हाईत नव्हतं. ह्या सगळ्यांना म्हाईत होतं."

चाचांचा चेहरा लालबुंद झाला. "लाज न्हाई वाटत? तिच्यासमोर?" ते उठले आणि शोकेसकडे गेले, पण परवीन आधी पोचली. तिनं कार्ड काढून घेतलं आणि दोन्ही हातांत धरून पाहत राहिली. अफिफाला वाटलं, आता ती फाडणार. फाडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटत होतं.

"मुदस्सरवर अशाच टाकल्या?" परवीननं विचारलं. तिनं ते कुणा एकाला विचारलं नव्हतं.

"परवीन, आत जा," चाचा म्हणाले. "बायकांनी हे ऐकायचं नसतं."

"भाईजान, त्याला जन्म दिला तवा मी होते की तितं." परवीनचा आवाज चढला नव्हता, पण चाचा जागीच थांबले. "तवा कुणी म्हणालं न्हाई, बाईनं बघू नये. त्याला दवाखान्यातनं आणला, तवा तुमी म्हणालात तोंड बघू नको, लई लागलंय. मी न्हाई बघितलं. नेला, तवा म्हणालात दाराच्या पुढं येऊ नको. न्हाई आले. वर्ष झालं, मी रोज डोळे मिटते आन मला काय दिसतं म्हाईत हाय? माती त्याच्या तोंडावर पडताना दिसती. डोळ्यांत, नाकात. रोज. एकानं तरी सांगायचं की मधी फळ्या असतात!"

शहाबाज रडायला लागला. "अम्मी, मला वाटलं तुला म्हाईत असंल," तो म्हणाला.

"कसं म्हाईत असंल?" अफिफा त्याच्यावर कडाडली. "कुणी नेलं होतं त्यांना तिथं? का मला नेलं होतं?"

परवीननं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती हाफीजभाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "तुमी होता ना तितं, हाफीजभाई? अशाच होत्या?"

हाफीजभाईंनी चाचांकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. अफिफा बापाच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती, आणि त्या नजरेत माफी अजिबात नव्हती.

"अशाच," ते म्हणाले. "पण ह्या उभ्या हायेत. तितं आडव्या टाकतात."

परवीननं कार्ड आडवं फिरवलं. "अशा?"

"व्हय."

"डोकं कुठल्या बाजूला?"

हाफीजभाईंनी बोटानं कार्डाची एक कड दाखवली. "हिकडं. आन तोंड काबाकडं."

परवीननं त्या कडेवर अंगठा ठेवला आणि तिथंच ठेवून घेतला. चाचा म्हणाले, की आता पुरे, लग्नाच्या घरात हे अपशकुनी बोलणं बंद करा, कार्ड इकडे द्या, सगळी आजच जाळून टाकू. ते हात पुढे करून उभे होते.

"हे मी कुणालाच देणार न्हाई," परवीन म्हणाली. "बाकीच्यांचं काय करायचं ते ही पोरगी ठरवील, तिनं केलीत ती. लग्नाला दुसरी करायची असतील तर तीच करील, तिच्या हातानं, आन लग्नानंतरबी करील. तुमी बसा."

"परवीन..."

"बसा म्हणलं ना. शहाबाज, तूबी बस. चहा कुणाला मिळणार न्हाई. घरातनं त्याला उचलल्यापास्नं शेवटची मूठ माती देईस्तवर काय काय झालं, ते सगळं मला सांगायचं. कुणीबी मधी उठायचं न्हाई." मग ती अफिफाकडे वळली. "तूबी बस. तूबी ऐक."

चाचांनी दाराकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. शहाबाज जमिनीवर बसला. अफिफा त्याच्याजवळ गेली नाही, ती परवीनच्या शेजारी बसली. राग अजून तसाच होता, आणि तो आज निवणार नव्हता.

"आंब्याच्या होत्या फळ्या," हाफीजभाई म्हणाले. "मीच काढून दिल्या. कीड नसलेल्या बघून."

"पुढं सांगा," परवीन म्हणाली.